इंजिनचं काम झालेली जुनी बाईक सकाळी सुरूच होत नाही? इंजिन परत खोलण्याआधी एवढं तपासा

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या गल्लीत वडिलांची जुनी गाडी उभी आहे. टाकीला नवा रंग, रिमला नवा क्रोम आणि इंजिनचं पूर्ण काम झालेलं. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक, सगळी पॅकिंग नवी. काल संध्याकाळी गॅरेजमधून आणली तेव्हा एका किकमध्ये सुरू झाली होती. आज पंचवीस किक मारून झाल्या. मध्ये एकदा फटफट केलं आणि बंद. परत सुरू झाली, तर रेस सोडली की बंद. तेवढ्यात शेजारचे काका चहाचा कप घेऊन बाहेर येतात आणि त्यांचं निदान तयारच असतं, "पिस्टन ढिला बसलाय, परत खोलावं लागेल."

काकांचं बरोबर असूही शकतं. पण इंजिनचं काम झाल्यानंतरची थंडीतली कुरकुर बहुतेक वेळा इंजिनच्या पोटात नसते. ती कार्बोरेटरमध्ये, पॉइंटमध्ये, एखाद्या वायरीच्या अर्थिंगमध्ये किंवा थेट पेट्रोलमध्ये असते. या गोष्टी तपासायला एक प्लग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, एक फिलर गेज आणि दोन-तीन सकाळी एवढंच लागतं. इंजिन परत खोललं, तर मात्र नवी पॅकिंग, परत मजुरी आणि नुकत्याच बसायला लागलेल्या रिंगा परत हलवल्या जातात.

आणि यात नुसत्या पैशांचाच प्रश्न नाही. गाडी बंद पडू नये म्हणून आपण सकाळी जे करतो, त्यानेच नवं इंजिन खराब होऊ शकतं. कसं, ते पुढे येतंच.

या शहराचं आणि जुन्या गाड्यांचं नातं

१९८५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. १९८६ मध्ये बजाजची एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याने केलेली केबी १०० बाजारात आली. १९९१ मध्ये फोर एस चॅम्पियन आली, १९९८ मध्ये वाळूजमधूनच कॅलिबर बाहेर पडली. त्यामुळे या भागात जुन्या गाडीची ओढ फक्त बुलेट, राजदूत, येझ्दी आणि आरएक्स १०० एवढ्यापुरती नाही. ज्या घरातलं कुणी कारखान्यात होतं, तिथे केबी किंवा चॅम्पियनही तेवढ्याच मायेने ठेवलेली असते.

कायद्याच्या भाषेत मात्र यातल्या बऱ्याच गाड्या 'व्हिंटेज' नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे १९८६ ची केबी अजून तरुण आहे म्हणायची. इंजिनला अर्थात नियमांशी देणंघेणं नसतं, त्याला थंडी तेवढीच वाजते.

थंड इंजिनात वेगळं काय घडतं?

कुठल्याही पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, वेळेवर जोरदार ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. गरम इंजिन या तिन्हींत थोडंफार चालवून घेतं. थंड इंजिन काहीच चालवून घेत नाही. म्हणून संध्याकाळी दडलेला दोष सकाळी उघडा पडतो.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. त्या तापमानात पेट्रोलमधला हलका भागच पटकन वाफ होतो, बाकीचं मॅनिफोल्डच्या थंड भिंतीला चिकटून बसतं. म्हणून सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल द्यावं लागतं आणि त्यासाठीच चोक असतो.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. वजनाला वजन धरलं तर इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे थंडीत ते अजूनच आळशी. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा किलो पुरते. १९८० च्या दशकातला जेट हे ओळखत नाही. तो पूर्वीएवढंच पेट्रोल सोडतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. गाडी गरम झाल्यावर हा फरक खपून जातो, सकाळी खपत नाही.

काही जण दोष उंचीला देतात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ५५०-६०० मीटरवर आहे, त्यामुळे हवा थोडी विरळ आहे हे खरं. पण विरळ हवेने मिश्रण उलट किंचित रिच होतं, आणि तो फरकही इतका थोडा की गाडी बंद पडण्याचं कारण तो नव्हे.

सर्वांत आधी : थंड इंजिनला रेस देऊ नका

इथे थोडं थांबून वाचा, कारण नवीन बोअरचं सर्वांत मोठं नुकसान याच पाच मिनिटांत होतं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. जुन्या गाड्यांचा सिलिंडर बिडाचा असतो किंवा त्यात बिडाची स्लीव्ह असते. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी आहे. एवढ्या व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर ढोबळ मानाने ०.१५ मिमी फुगतो, सिलिंडर तेवढाच तापला तरी ०.०८ मिमीच फुगतो. आणि सुरुवातीला सिलिंडर तेवढा तापलेलाच नसतो. पिस्टन आतून आगीला तोंड देत असतो आणि सिलिंडरच्या पंखांना बाहेरून थंड हवा लागत असते. नवीन बोअरमध्ये पिस्टनभोवती ठेवलेली मोकळी जागा मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. अशा वेळी गाडी बंद पडू नये म्हणून रेस पिळून धरली, तर पिस्टन सिलिंडरला घासतो, ओरखडे उमटतात आणि कधीकधी जागेवरच जाम होतो. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त लवकर होतं.

दुसरं नुकसान पेट्रोलचं. चोक ओढून पन्नास किक मारल्या की कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. रिंगा कोरड्या घासतात. फोर-स्ट्रोकमध्ये तेच पेट्रोल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

धक्का मारून गाडी सुरू करणं हा तसाच प्रकार. सुरू होते खरी, पण थंड इंजिनवर एकदम भार येतो. बॅटरी उतरली म्हणून कधीतरी एकदा धक्का मारणं वेगळं आणि रोज सकाळी गल्लीतली पोरं गोळा करणं वेगळं.

म्हणून नियम एवढाच ठेवा : आठ-दहा किकमध्ये सुरू झाली नाही तर थांबा आणि प्लग काढा.

प्लग काय सांगतो?

गाडी सुरू न झाल्यावर लगेच काढलेला प्लग अर्धं निदान करून देतो. त्याचं टोक बोटाने तपासा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाहीये. ठिणगी, टायमिंग, कॉम्प्रेशन यांकडे आत्ता बघूच नका.

प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल येतंय, पण जळत नाहीये. एक तर ठिणगी कमजोर किंवा चुकीच्या वेळी पडतेय, नाहीतर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतंय.

प्लग तेलकट, काळा आणि चिकट असेल तर तेल जळण्याच्या जागी येतंय. नव्या इंजिनात पहिल्या एक-दोन दिवसांत हे चालतं, कारण जुळणी करताना लावलेलं तेल आत असतं. आठवड्यानंतरही तसंच असेल तर नाही.

सोबत एक प्रश्न स्वतःला विचारा : गाडी कडक गरम असताना पहिल्या किकमध्ये सुरू होते का? होत असेल तर दिलासा आहे, मोठा बिघाड असण्याची शक्यता कमी. थंड असताना आणि गरम असताना दोन्ही वेळी त्रास असेल, तर शेवटचा भाग नीट वाचा.

प्लग कोरडा : पेट्रोल अडतंय कुठे?

रंगकाम झालेल्या टाकीपासून सुरुवात करा. टाकी रंगवताना आतला गंज मोकळा होतो आणि त्याची लालसर पूड कॉकच्या जाळीवर जमते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक रंगाने बुजलेलं असतं, हेही बऱ्याचदा होतं. भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. झाकण सैल करून किक मारल्यावर फरक पडला तर कारण सापडलं.

मग कार्बोरेटर. इंजिनचं काम दोन-तीन महिने चाललं असेल, तर तेवढा काळ कार्बोरेटर कुठल्या तरी डब्यात पडून होता. त्यातलं पेट्रोल सुकून मागे चिकट थर राहतो आणि तो सर्वांत आधी पायलट जेट बुजवतो. या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. गाडी सुरू करताना आणि स्लोवर सगळा भार याच जेटवर असतो, मेन जेट तेव्हा जवळपास कामातच नसतो. म्हणून 'रस्त्यावर मस्त पळते, पण स्लोवर राहत नाही आणि सकाळी सुरू होत नाही' ही तक्रार आली की पहिला संशय पायलट जेटवर घ्यायचा. तो क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा. ब्रेक केबलची तार घालून खरवडायची सवय अनेकांना असते. त्याने पितळेचं भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कधीच नीट ट्यून होत नाही.

आता चोक, कारण इथे दोष गाडीचा नसून अनेकदा आपला असतो. प्रत्येक गाडीचा चोक एकसारखा नसतो. काही जुन्या गाड्यांत हवेच्या तोंडावर पत्र्याची झडप असते, ती हवा अडवते. जावाच्या जुन्या जिकोव कार्बोरेटरला टिकलर असतं. ते छोटं बटण दाबलं की फ्लोट खाली जाऊन जास्तीचं पेट्रोल भरतं. मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे आरएक्स १०० सारख्या गाड्यांत, प्रकार तिसराच आहे. तिथे चोक हवा अडवत नाही, तर पेट्रोलची एक वेगळी वाट उघडतो. त्या वाटेतून पेट्रोल खेचायला इंजिनाच्या बाजूला जोरदार ओढ लागते आणि ती ओढ स्लाइड पूर्ण बंद असतानाच मिळते. चोक ओढून वर रेसही पिळली की ओढ संपली आणि चोक असून नसल्यासारखा झाला. वर्षानुवर्षं 'थोडी रेस देऊन किक मार' हे ऐकत आलेल्या माणसाला हे पटत नाही. पण एकदा मूठ पूर्ण सोडून तीन किक मारून बघा.

याच चोकच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं रबर असतं. ते कडक झालं किंवा काम करताना हरवलं, तर चोक बंद करूनही पेट्रोल गळत राहतं. मग सकाळी सुरू होते, पण गरम झाल्यावर काळा धूर आणि ढेकर.

पेट्रोल पोहोचतंय आणि तरीही फुल चोकशिवाय गाडी थांबत नसेल, तर कुठून तरी फालतू हवा शिरतेय. इंजिनचं काम करताना कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंग निघालेलं असतं. ते नीट बसलं नाही, रबर मॅनिफोल्डला बारीक तडा असला किंवा बोल्ट जास्त आवळून कार्बोरेटरची तबकडी वाकली असली, की हवा शिरते. गाडी स्लोवर असताना जोडावर साबणाच्या पाण्याचा ओला ब्रश फिरवा. आवाज बदलला तर गळती तिथेच. बरेच जण यासाठी क्लीनरचा स्प्रे मारतात. तो पेट घेतो आणि गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असतो, तेव्हा तो मोह टाळा.

कार्बोरेटरवरच्या मिश्रणाच्या स्क्रूबद्दल एक गोष्ट. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो, आत फिरवला की मिश्रण रिच होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तिथे बाहेर फिरवला की रिच. दोन्हींत गल्लत करून माणसं आठवडाभर उलट्या दिशेला ट्यूनिंग करत बसतात. हलक्या हाताने पूर्ण आत, मग साधारण दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात करा आणि अंतिम सेटिंग इंजिन गरम असतानाच करा.

प्लग ओला : ठिणगीचा हिशोब

आधी साचलेलं पेट्रोल बाहेर काढा. कॉक बंद, प्लग बाहेर, मूठ पूर्ण उघडी, आणि आठ-दहा किक. प्लगच्या भोकातून पेट्रोलची फुंकर बाहेर येते, तेव्हा ठिणगी तपासायचं काम त्याच वेळी करू नका. पाच मिनिटं थांबा, भोकावर फडकं ठेवा आणि प्लग भोकापासून लांब, हेडच्या स्वच्छ धातूला टेकवून मगच किक मारा.

ठिणगी निळसर आणि कडकडीत हवी. पिवळी, बारीक, चुकतमाकत येणारी ठिणगी बाहेर दिसते तरी आत मरते. दाबाखालच्या हवेतून उडी मारायला तिला खूप जास्त व्होल्टेज लागतं आणि थंड, ओल्या प्लगवर तर आणखीच.

नव्या रंगाच्या गाडीत सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे अर्थिंग. चॅसिसला पावडर कोटिंग केलं की ती छान चकाकते, पण पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. कॉइलचा बोल्ट, बॅटरीची अर्थ वायर, इंजिनचे माउंटिंग बोल्ट, सगळे त्या रंगावर बसलेले असतात. बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वीज जाते, सकाळच्या दवात तीही अडखळते. या तीन जागांचा रंग वॉशरएवढ्या गोलात खरवडून धातू उघडा करा. गाडी सुंदर करायला हजारो रुपये घातलेल्या माणसाच्या जिवावर येतं हे, पण वॉशरखाली ते दिसत नाही.

मग पॉइंट. जुन्या बहुतेक पॉइंटच्या गाड्यांत गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. नवे पॉइंट बसवले असतील, तर त्यांची फायबरची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी झिजते. टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की टायमिंग मागे सरकतं. 'गॅरेजमधून आणली तेव्हा बरी होती, आता पंधरा दिवसांनी सकाळी त्रास देते' याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. दोन मिनिटांचं काम आहे. पॉइंटवर तेलकट थर असेल तर तोही पुसा, नव्या पॉइंटवर पॅकिंगमधला गंजरोधक थर असतो.

पॉइंट उघडताना तिथेच निळी ठिणगी उडत असेल आणि प्लगवर मात्र पिवळी, तर कंडेन्सर बदला. तो स्वस्त भाग आहे. पण नवा आणला म्हणजे चांगलाच असेल असं समजू नका. जमलं तर शहागंजला किंवा औरंगपुऱ्यात शोधाशोध करताना एक जुना, मूळ कंपनीचा, चालू कंडेन्सर मिळवून ठेवा.

बॅटरी-कॉइलवरच्या जुन्या बुलेटमध्ये तपासणीचं एक साधन फुकट मिळालेलं असतं : ॲमीटर. चावी लावून किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटलेले असताना काटा मागे झुकतो, उघडले की मध्ये येतो. काटा हललाच नाही तर पॉइंट मिटत नाहीत किंवा वीज तिथवर येत नाही. जागेवरून न हलता एवढं कळतं.

टायमिंग चुकलं असेल तर गाडी आपणहून सांगते. किक उलटी मारते, म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय. बुलेटमध्ये यामागे ॲडव्हान्स युनिटच्या थकलेल्या स्प्रिंगा असू शकतात. वजनं बाहेर फेकलेल्या अवस्थेत अडकतात आणि सुरू करतानाच टायमिंग पुढे राहतं. हे विनोदाने घेऊ नका, उलट्या किकने घोट्याचं हाड मोडतं. युनिट साफ होईपर्यंत किक मारायची नाही. याउलट कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येत असेल, तर मिश्रण फार लीन आहे किंवा टायमिंग बरंच चुकलंय. मॅग्नेटवाल्या गाडीत मॅग्नेट काढून परत बसवताना चावीचा खाचा नीट बसला होता का, हे मिस्त्रीला विचारा.

ठिणगी उत्तम, टायमिंग बरोबर आणि तरीही रोज सकाळी प्लग ओला? मग फ्लोटची सुई गळतेय. रात्रभर कॉक चालू राहिला तर पेट्रोल थेंबथेंब आत उतरतं. महिनाभर रात्री कॉक बंद करून बघा. जुन्या गाडीचा कॉक रोज बंद करणं ही आपल्या वडिलांच्या पिढीला सवयीची गोष्ट होती, फक्त आपण ती विसरलो.

पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी

इथेनॉल पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर अर्धी टाकी घेऊन उभ्या राहिलेल्या गाडीत पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बनवतात. कॉक तळाशीच असतो, त्यामुळे इंजिनाला आधी तेच मिळतं. राजदूत, येझ्दीसारख्या गाड्यांत टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि ते ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. म्हणजे गाडी सुरू होत नाही हा त्रास कमीच, चुकून सुरू झाली तर ऑइलशिवाय फिरते हा खरा धोका. दिवाळीत गाडी बाहेर काढताना काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा.

आणि खरंच दोष आत असेल तर?

वरचं सगळं करूनही गाडी थंड-गरम दोन्ही वेळी रडत असेल, तर आत बघायची वेळ आली. पण तेव्हाही पहिलं काम इंजिन उतरवण्याचं नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये आधी टॅपेट बघा. व्हॉल्व्ह नव्याने घासून बसवले असतील, तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते आपल्या जागेत आणखी थोडे खोल बसतात आणि टॅपेटची मोकळीक कमी होते. मोकळीक संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. बुलेटमध्ये इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून, दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. डीकॉम्प्रेसरची केबल फार ताणलेली असेल तर तिथूनही दाब गळतो. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि काकांच्या 'पिस्टन ढिला'चं उत्तर अनेकदा इथेच मिळतं.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा. गेज लावून मूठ पूर्ण उघडी ठेवून किक मारा. मूठ बंद ठेवून घेतलेला आकडा नेहमी कमी येतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांकडून, फारसा वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगकडून. मात्र गाडी पन्नास-शंभर किलोमीटरच चालली असेल, तर रिंगा अजून बसलेल्याच नाहीत. त्या आकड्यावरून मिस्त्रीशी भांडू नका. पाचशे किलोमीटरनंतर परत मोजा.

टू-स्ट्रोकमध्ये मात्र एक दोष असा आहे की त्याकडे दुर्लक्ष करून चालत राहिलात तर नवं इंजिन जाईल. तो म्हणजे क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील. टू-स्ट्रोकचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर जातं, त्यामुळे क्रँककेस हवाबंद हवी. काम करताना सील कोरडं दाबलं, शाफ्टच्या खाचेवरून जाताना त्याची कड कापली गेली किंवा दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं सील बसवलं, की गळती सुरू. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा शिरते. गाडी फुल चोकवरच सुरू राहते आणि रेस सोडली तरी आवाज लवकर खाली येत नाही. मिश्रण लीन, पिस्टन जास्त गरम, तेल कमी, आणि मग दौलताबादचा घाट चढताना एक दिवस मागचं चाक लॉक. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही, प्लग सारखा तेलकट होतो आणि गिअर ऑइलची पातळी काहीही बाहेर न सांडता उतरते.

याची खात्री इंजिन न खोलता होते. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करायचे, येझ्दीत एक्झॉस्ट दोन असतात हे लक्षात ठेवून. प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण ०.४ बार दाब भरायचा आणि पाच मिनिटं गेजवर नजर ठेवायची. काटा उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. कॉम्प्रेसरची हवा थेट कधीही भरू नका, चांगलं सीलही बाहेर येईल. ही टेस्ट करणारी गॅरेज कमी आहेत, पण इंजिन बांधून झाल्यावर, कार्बोरेटर बसवण्याआधीच मिस्त्रीने ती करावी असं काम देतानाच ठरवून घ्या. करायला तयार नसेल तर दुसरा मिस्त्री बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिस्त्रीकडे जाताना

'सकाळी सुरू होत नाही' एवढंच सांगितलं तर मिस्त्री दुपारी, चाळीस मिनिटं रस्त्यावर आलेल्या गरम गाडीला किक मारणार, ती सुरू होणार, आणि तुम्ही परत घरी. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा, सकाळी तुमच्यासमोर थंडच सुरू करायला सांगा.

त्याआधी तीन सकाळींची नोंद मोबाइलमध्ये ठेवा. किती किक लागल्या, चोक कसा होता, मूठ बंद होती का, प्लग ओला की कोरडा, धुराचा रंग कोणता, किती मिनिटांनी चोक काढता आला. शक्य असेल तर व्हिडिओ काढा, त्यात आवाजही येतो. मधल्या काळात सायलेन्सर बदलला असेल तर तेही सांगा. 'इंदोरी फटाका' लावून गाडी लीन झाली आणि दोष इंजिनच्या कामाला दिला, असं बऱ्याचदा होतं.

गाडी एकदा नीट सुरू व्हायला लागली की सकाळचा क्रम ठरवून घ्या. कॉक चालू करून अर्धं मिनिट थांबा, म्हणजे फ्लोटची वाटी भरते. चोक ओढा, चावी न लावता दोन-तीन हळू किक मारा, मग चावी लावून एक पूर्ण किक. बुलेट असेल तर ॲमीटरचा काटा मध्ये येईपर्यंत किक दाबा, डीकॉम्प्रेसर ओढून जराशी पुढे न्या, किक वर येऊ द्या आणि मग एकाच दमात खालपर्यंत मारा. सुरू झाल्यावर एखादं मिनिट हलक्या रेसवर ठेवून, चोक काढून, हळू निघा. स्टँडवर दहा मिनिटं घरघर करत ठेवण्यापेक्षा पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवलेलं नव्या बोअरला जास्त मानवतं. पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट, टॅपेट आणि पॉइंटचा गॅप परत तपासायचा, तोही सकाळी, गाडी थंड असताना.